हाय-सिक्युरिटी कुलूप पिकने उघडायला शिकताना: व्हाइसपासून साइडबारपर्यंत

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये मी बावीस वर्षं काम केलं. साचे, जिग, गेज, सगळं मायक्रॉनच्या हिशोबात. कुलपांचा नाद लागला तो तिथेच. भंगारात आलेलं एक सिलिंडर मी सहज कापलं आणि आतल्या पिना बघून थक्क झालो. इतकी छोटी वस्तू, इतकी साधी कल्पना, आणि आपलं अख्खं घर तिच्या भरवशावर! तेव्हापासून दर रविवारी मी बाल्कनीतल्या व्हाइसला (वस्तू घट्ट पकडायच्या जबड्याला) एखादं कुलूप लावून बसतो आणि किल्लीऐवजी पिकने, म्हणजे बारीक आकड्याने, ते उघडायचा सराव करतो. हे शिकायची इच्छा असेल त्याच्यासाठी, मी ज्या क्रमाने शिकायला हवं होतं त्या क्रमाने, हे लिहितोय. माझा स्वतःचा क्रम चुकला होता आणि त्यात दोन वर्षं वाया गेली.

सुरुवातीला दोन नियम, आणि त्यांत सूट नाही. कुलूप स्वतःच्या मालकीचं हवं. आणि ते वापरात असलेलं, म्हणजे दाराला, कपाटाला, गाडीला लावलेलं नको. पहिल्या नियमामागे कायदा आहे. दुसऱ्याच्या दाराचं कुलूप उघडून आत शिरणं हे भारतीय न्याय संहितेत घरफोडीत मोडतं, वस्तू चोरली नाही तरीही. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१च्या कलम १२२ प्रमाणे सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घरफोडीचं हत्यार सबळ कारणाशिवाय जवळ सापडलं तर तो गुन्हा आहे, आणि कारण सिद्ध करायची जबाबदारी ज्याच्याकडे ते सापडलं त्याच्यावर. म्हणून माझी हत्यारं घरातल्या लाकडी पेटीत राहतात. बॅगेत टाकून लोकलने फिरत नाही.

दुसरा नियम मी एकदा मोडला. वर्तकनगरच्या घरी असताना, सराव म्हणून स्वतःच्याच मुख्य दाराचं सिलिंडर बाहेरून उघडत होतो. उघडलं. आनंदाच्या भरात प्लग, म्हणजे किल्लीबरोबर फिरतो तो आतला गोल भाग, तसाच पुढे फिरवला आणि अर्ध्या फेरीवर तो अडकला. किल्ली आत नसली की प्लगची किल्लीची खाच मोकळी असते. ती फिरून पिनांच्या भोकांसमोर आली की स्प्रिंगच्या जोराने वरच्या पिना तिच्यात घुसतात. मग प्लग ना पुढे जातो ना मागे येतो. आई जांभळी नाक्यावरून भाजी घेऊन आली ती जिन्यात उभी. "अरे, काय केलंस दाराचं?" दीड तास लागला. हॅकसॉ ब्लेडचा पातळ तुकडा खाचेत सरळ सारून पिना मागे ढकलल्या, आणि तो तसाच धरून प्लग पुढे नेला तेव्हा कुठे सुटका झाली. ही युक्ती लक्षात ठेवा, व्हाइसवरही उपयोगी पडेल. पण दाराला हात लावू नका.

आधी कुलूप खोला

बहुतेक जण पहिल्या दिवशी हत्यारं विकत घेतात आणि बंद कुलपात खुपसत बसतात. हीच चूक मी केली. आमचे टूलरूमचे मिस्त्री कुठलंही मशीन हाती आलं की म्हणायचे, "आधी खोलून बघ, मग हात घाल." बोटांना जे जाणवणार आहे ते आधी डोळ्यांनी पाहिलं पाहिजे, नाहीतर बोटं काय सांगतायत ते कळतच नाही. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

सरावाला युरो प्रोफाइलचं साधं सिलिंडर घ्या. फ्लॅटच्या मॉर्टिस लॉकमध्ये असतं तेच, वर गोल आणि खाली पोट. त्याचं माप जगभर एकच आहे: उंची ३३ मिलिमीटर, गोल भाग १७, पोटाची जाडी १०. जांभळी नाक्याकडच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळेल. जुन्या इमारतींचं काम काढलं की दारांबरोबर सिलिंडरही भंगारात निघतात, ते तर आणखी उत्तम. मात्र किल्ली बरोबर असलेलंच घ्या.

खोलण्यासाठी एक चिमटा, बारीक स्क्रूड्रायव्हर, पांढरं कापड अंथरलेला ताट आणि एक दांडा लागतो. हा दांडा अगदी प्लगच्या जाडीचा हवा. प्लगचा व्यास व्हर्नियरने मोजा, सहसा १३ मिलिमीटरच्या आसपास असतो, आणि नायलॉनचा किंवा लाकडी दांडा त्यापेक्षा केसभर कमी करून घासा. सिलिंडरच्या मध्ये फिरणारा जो कॅम (कडी सरकवणारा दांता) असतो त्याच्या बाजूला प्लगवर एक सर्क्लिप, म्हणजे त्याला जागेवर धरणारी स्टीलची कडी, असते. ती काढा. किल्ली घालून प्लग थोडा फिरवा, आणि मागून दांडा लावून प्लग पुढे ढकलत बाहेर काढा. दांडा आणि प्लग यांच्यात फट पडली की वरच्या पिना आणि स्प्रिंगा उडतात. माझी एक स्प्रिंग अजून बाल्कनीच्या जाळीतच कुठेतरी असेल.

आता ताटात बघा. प्लगमध्ये वेगवेगळ्या लांबीच्या पिना आहेत. त्या किल्लीच्या दातऱ्यांवर बसतात, म्हणून त्यांना की पिन म्हणतात. बॉडीमध्ये प्रत्येकीवर एक ड्रायव्हर पिन आणि एक स्प्रिंग. बरोबर किल्ली आत गेली की सगळ्या जोड्यांमधला सांधा प्लगच्या कडेशी एका रेषेत येतो. हीच शिअर लाइन. रेषा जुळली की प्लग फिरतो. ही मांडणी अमेरिकेत लायनस येल धाकटा याने १८६०च्या दशकात पेटंट केली, आणि आपल्या दारांवर आजही तीच आहे. पाच पिना आणि प्रत्येकीच्या सहा उंची धरल्या तर ७,७७६ किल्ल्या होतात. ऐकायला भरपूर वाटतं. पण पिकने उघडणारा माणूस एवढ्या शक्यता तपासतच नाही, तो एकेक पिन सोडवतो.

हे का जमतं, ते टूलरूमच्या माणसाला लगेच कळतं. प्लगमधली पाच भोकं कागदावर एका सरळ रेषेत असतात. प्रत्यक्षात ड्रिल दोन-चार शतांश मिलिमीटर इकडे-तिकडे जातोच. त्यामुळे प्लग हलकेच फिरवायला गेलं की पाचही पिना एकदम अडकत नाहीत. आधी एकच अडकते. ती बरोबर उंचीवर नेली की प्लग केसभर सरकतो आणि मग दुसरी अडकते. कुलूप जितकं नेटकं बनवलेलं तितका हा केसभर फरक कमी, आणि काम तितकं अवघड. महागड्या कुलपाला आपण जे पैसे देतो त्यातले निम्मे या शतांशांचेच असतात, असं माझं मत आहे.

हत्यारं

दोनच लागतात: पिन उचलणारा हुक आणि प्लगला हलका पीळ देणारा टेन्शनर. चांगला संच विकत मिळतो, पण स्वतः बनवलेल्या हत्याराची समज वेगळीच. हुकसाठी फीलर गेजची (बारीक फट मोजायच्या साधनाची) पाती घ्या. अर्धा मिलिमीटर जाडी साध्या सिलिंडरला चालते. खाच वेडीवाकडी आणि अरुंद असेल तर ०.४. पातं आधीच स्प्रिंगसारखं कडक असतं, म्हणून ग्राइंडरवर घासताना दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा. कडा निळी पडली की तिथला कडकपणा गेला, तेवढा भाग कापून टाका. आकार झाला की बारीक कानस, मग ४००, ८०० आणि १२०० नंबरचा पॉलिश पेपर. पॉलिश शोभेसाठी नाही. खरखरीत हुक पिनांवर घासतो आणि तीच खरखर बोटांना पिनेची हालचाल वाटते.

टेन्शनरसाठी गाडीच्या जुन्या वायपरच्या रबरात असते ती स्टीलची पट्टी उत्तम. गॅरेजमध्ये मागितली की मिळते. टोक काटकोनात वाकवा, आणि ते खाचेच्या तोंडाशी घट्ट बसेल इतकं घासा. टेन्शनर सैल बसला तर बाकी सगळं व्यर्थ. नवशिके हुकांचे वीस प्रकार जमवतात आणि टेन्शनर मात्र एकच ठेवतात. उलट करा: हुक दोन, टेन्शनर पाच-सहा जाडींचे.

दोन पिनांपासून पाचांपर्यंत

सिलिंडर परत जुळवताना सगळ्या पिना भरू नका. दोनच भरा. व्हाइसच्या जबड्यात लाकडाचे तुकडे ठेवून सिलिंडर पोट वर करून पकडा, म्हणजे पिना वरून खाली येतील. टेन्शनर खाचेच्या खालच्या टोकाला लावा आणि त्यावर बोट टेकवा. किती जोराने? मोबाइलच्या पडद्यावर बोट टेकवतो तेवढाच. आता हुकने एकेक पिन वर ढकलून बघा. एक पिन स्प्रिंगसारखी मऊ लागेल, दुसरी टणक. टणक आहे तीच अडकलेली. तिला हळूहळू उचला. एक अगदी बारीक टिक जाणवेल, कानाला कमी आणि नखाखाली जास्त, आणि प्लग किंचित सरकेल. मग दुसरी.

पिन जास्त उचलली तर की पिनच शिअर लाइन ओलांडून वर अडकते. मग प्लगवरचा दाब पूर्ण सोडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. जोर लावून काहीही सुटत नाही. दहापैकी नऊ वेळा नवशिक्याचा दोष एकच असतो, टेन्शनरवरचा दाब जास्त. जमत नसेल तर दाब निम्मा करा, आणि तो निम्मा झालासा वाटला की पुन्हा निम्मा.

दोन पिना सलग दहा वेळा उघडल्या की तिसरी भरा. मग चौथी, पाचवी. मला पाच पिनांपर्यंत यायला सात रविवार लागले. दर वेळी वहीत लिहा: कोणती पिन आधी अडकली, कोणत्या क्रमाने सुटल्या. त्याच कुलपात क्रम बहुतेक तोच राहतो, आणि तो पाठ झाला की तुम्ही ते एकच कुलूप उघडायला शिकलेले असता. म्हणून पिना आपापसांत बदला, म्हणजे उंचीची सवय मोडेल.

फसव्या पिना

इथून हाय-सिक्युरिटीचा उंबरठा सुरू होतो. चांगल्या सिलिंडरमध्ये ड्रायव्हर पिना सरळ नसतात. काही मधोमध बारीक केलेल्या, दोऱ्याच्या रिळासारख्या. त्यांना स्पूल म्हणतात. काहींवर आडव्या खाचा कोरलेल्या. स्पूल शिअर लाइनवर तिरकी होऊन अडकते. प्लग बऱ्यापैकी, सात-आठ अंश, फिरतो. तुम्हाला वाटतं उघडलं, पण उघडलेलं नसतं.

अशा वेळी एकेक पिन हुकने हलकेच दाबून बघा. एका पिनेवर दाब देताच टेन्शनर तुमच्या बोटाविरुद्ध उलट फिरायला लागेल. तीच स्पूल. आता तिला उचलत राहा आणि त्याच वेळी टेन्शनरवरचं बोट हळू सैल करत प्लगला मागे येऊ द्या. घाबरून दाब सोडू नका आणि हट्टाने घट्टही धरू नका. स्पूलचा जाड भाग रेषेतून सुटला की एक स्पष्ट टिक येतो. या मागे येण्यात आधी बसवलेली एखादी पिन खाली पडते. पडू द्या, परत बसवा. हा उलटा झुकाव ओळखता येणं हा सगळ्या शिक्षणातला सर्वांत मोठा टप्पा. मला तो पहिल्यांदा कळला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी बायकोला उठवून दाखवला.

स्पूलचा सराव स्वतः तयार करता येतो. साधी ड्रायव्हर पिन ड्रिल मशीनच्या चकमध्ये पकडा आणि फिरत असताना मधोमध बारीक त्रिकोणी कानस टेकवा. एक स्पूल आणि चार साध्या, मग दोन स्पूल, असं चढत जा. खाचांच्या पिनांना उलटा झुकाव जवळपास नसतो, त्या एकामागून एक खोटे टिक देतात. तिथे वहीत टिक मोजून लिहिण्यावाचून मला दुसरा मार्ग सापडला नाही.

डिंपल

नव्या फ्लॅटमध्ये जी सपाट किल्ली येते, दातरे नाहीत आणि दोन्ही बाजूंना वाटीसारखे खड्डे, ती डिंपल किल्ली. तत्त्व तेच पिनांचं, पण पिना किल्लीच्या सपाट बाजूवर टेकतात, बहुधा दोन किंवा जास्त रांगांत. साधा हुक इथे निरुपयोगी, कारण वर उचलायला जागाच नाही. इथे लागतो झेंड्यासारखा आकार: बारीक गोल दांडी आणि टोकाला दीड-दोन मिलिमीटरचं आडवं पातं. दांडी स्वतःभोवती फिरवली की पातं पिनेला ढकलतं. म्हणजे मनगट उचलायचं नाही, चिमटीत दांडी फिरवायची. हाताची सगळी सवय बदलते.

खड्ड्यांच्या खोलीतला फरक इथे फार कमी असतो, त्यामुळे पिन सहज जास्त ढकलली जाते. टेन्शनर जाड आणि आखूड घ्या, आणि तो पहिल्या पिनेला शिवत नाही ना ते आरशाने तपासा. इस्रायलच्या मल-टी-लॉक कंपनीने पिनेच्या आत पिन बसवली, दुर्बिणीच्या नळ्यांसारखी. आतली आणि बाहेरची, दोघींनीही आपापल्या उंचीवर थांबायला हवं. त्या कुलपापर्यंत लगेच जाऊ नका. साधं डिंपल सिलिंडर घ्या, एक रांग पूर्ण रिकामी करा, आणि दुसऱ्या रांगेत दोन पिनांपासून पुन्हा सुरुवात करा.

साइडबार आणि चकत्या

यापुढची कुलपं एका वेगळ्याच कल्पनेवर चालतात. पिना बरोबर उंचीवर आल्या तरी बाजूला एक आडवी पट्टी, साइडबार, प्लगला धरून ठेवते. तिला आत सरकायला जागा मिळाली तरच प्लग फिरतो. १९६८ साली अमेरिकेत सुरू झालेल्या मेडेकोच्या कुलपात पिना उंचीवर जाव्या लागतातच, शिवाय स्वतःभोवती फिरून ठराविक कोनातही थांबाव्या लागतात: सरळ, किंवा डावी-उजवीकडे २० अंश. किल्लीचे कापही म्हणून तिरके असतात. तिथे पिन उचलायला एक हालचाल आणि फिरवायला दुसरी, आणि एक बरोबर झालं का ते दुसरं झाल्याशिवाय कळत नाही. मी अशा एका कुलपावर पावसाळाभर बसलो. त्याच्या फक्त तीन पिना ठेवून ते दोनदा उघडलं. पूर्ण भरलेलं अजून नाही.

चकत्यांचं कुलूप मला सर्वांत सुंदर वाटतं. फिनलंडच्या एमिल हेन्रिकसनने ते १९०७ साली शोधलं, अबलॉय हे नाव त्यातूनच पुढे आलं. आत पिना नाहीत, स्प्रिंगा नाहीत, फक्त एकामागे एक रचलेल्या गोल चकत्या. प्रत्येकीच्या कडेला एक खाच. किल्लीने सगळ्या चकत्या आपापल्या कोनात फिरल्या की खाचा एका ओळीत येतात आणि साइडबार त्यांत उतरतो. स्प्रिंगच नसल्यामुळे हादरे देऊन किंवा खरवडून उघडायचे प्रकार इथे चालत नाहीत.

याचं हत्यारही वेगळं: बाहेर एक नळी, तिच्यातून जाणारी एक दांडी. एकाने एक चकती धरून पीळ द्यायचा, दुसऱ्याने बाकीच्या चकत्या एकेक करून फिरवायच्या. नळीवर दर चकतीच्या जाडीइतक्या अंतरावर खुणा कोरून ठेवल्या की आपण कितव्या चकतीवर आहोत ते कळतं. अडकलेली चकती जड फिरते, खाचेवर आली की मोकळी होते. चांगल्या कुलपात उथळ खोट्या खाचाही असतात, त्या स्पूलचं काम करतात.

हे हत्यार मी लेथवर बनवलं. पहिलं टोक साध्या लोखंडाचं होतं, दुसऱ्याच चकतीला ते पिळलं गेलं. मग सिल्व्हर स्टीलची दांडी घेतली, टोक कानसलं, लाल करून तेलात बुडवलं, पॉलिश केलं आणि परत हळूहळू निळसर रंग येईपर्यंत तापवलं. तेव्हा ते कडक राहिलं आणि तुटलंही नाही. त्या टोकाची रुंदी मी आधी कुलूप खोलून चकतीच्या भोकावरून घेतली होती. इथे बाजारचं हत्यार हमखास बसेलच असं नाही, कुलूप पाहून हत्यार बनवायचं.

लंडनमध्ये ब्रामा या कुलूप बनवणाऱ्याच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप साठ वर्षांहून अधिक काळ मांडलेलं होतं, उघडणाऱ्याला २०० गिनी बक्षीस. १८५१च्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकनाने ते उघडलं, १६ दिवसांत मिळून ५१ तास खर्चून, आणि त्यासाठी स्वतः केलेली हत्यारं वापरून. एखाद्या कुलपावर महिना गेला की मी त्या ५१ तासांची आठवण काढतो.

परत जुळवताना

सराव झालेलं सिलिंडर पेट्रोलने किंवा आयसोप्रोपिलने धुऊन कोरडं करा. आपल्याकडे खाडीची खारी हवा आणि चार महिने ओल, त्यामुळे स्प्रिंगा लवकर गंजतात. कुलूप घट्ट झालं की घरोघरी खोबरेल तेल घालतात. कृपा करून घालू नका. थंडीत ते थिजतं, धूळ धरतं आणि पिनांभोवती चिकट लेप होतो. सुकी ग्राफाइट पावडर किंवा टेफ्लॉनचा सुका स्प्रे, तोही चिमूटभर.

इतकं शिकल्यावर साहजिकच स्वतःच्या दाराकडे लक्ष जातं. तिथे पिनांआधी सिलिंडरची लांबी बघा. मध्ये जिथे बांधणीचा स्क्रू जातो तिथेच त्याची जाडी सर्वांत कमी असते, आणि बाहेर उघडं राहिलेलं सिलिंडर तिथेच मोडतं. बाहेरच्या प्लेटपासून ते दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे येता कामा नये. म्हणून दाराची जाडी स्क्रूच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना वेगवेगळी मोजून सिलिंडर घ्या, आणि जिचे स्क्रू बाहेरून दिसत नाहीत अशी जाड, कडक पोलादाची प्लेट बसवा. ज्या सिलिंडरवर सराव केला ते कधीच मुख्य दाराला परत लावू नका, त्याच्या पिना झिजलेल्या असतात.

नवं सिलिंडर बसवलं की दार उघडं ठेवूनच किल्ली दहा वेळा आतून आणि दहा वेळा बाहेरून फिरवून बघा. सगळ्या किल्ल्या, सुट्या ठेवलेल्यासुद्धा. त्यानंतरच दार लावा.